दुष्काळी मुलखातील पुराचे गणित

दुष्काळ हा बीड जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेला आहे, असे म्हणण्याची एक रीतच पडून गेली आहे. परळी वैजनाथसारख्या गावात तर ही समजूत अनुभवाने पक्की झालेली आहे. 2013 च्या फेब्रुवारीत येथील औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी संपूर्णपणे बंद ठेवावे लागले आणि 2015 साली ऐन पावसाळ्यात तीच वेळ पुन्हा आली. जेथे सरकारी यंत्रांना पाणी मिळत नाही, तेथे सामान्य माणसाच्या घागरीची कथा निराळी सांगावयास नको. अशा मुलखात पुराची चर्चा करणे म्हणजे उपाशी माणसापुढे अजीर्णाचे औषध ठेवण्यासारखे आहे, असे कोणासही वाटेल. परंतु नेमक्या याच समजुतीमुळे पुराचा हिशेब या भागात फारसा मनावर घेतला गेलेला नाही, आणि त्याची किंमत आता वरचेवर मोजावी लागत आहे.

गेल्या काही वर्षांचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 2016 च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले, कारण शेजारच्या केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेरीस तेच धरण भरून वाहू लागले. 2021 च्या सप्टेंबरात, बंगालच्या उपसागरातून आलेल्या 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून सरकत असताना, या धरणाचे सर्व 18 दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची उभी पिके पाण्याखाली गेली. 2025 च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा व सीना या नद्यांनी बीड, लातूर, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांत असे रूप धारण केले, की अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. जुन्या पिढीला 1989 च्या जुलैतील बिंदुसरेचा बीड शहरातला हाहाकारही आठवत असेल. दुष्काळ आणि पूर ही दोन वेगळ्या मुलखांची दुखणी नाहीत. ती एकाच मुलखाच्या एकाच दशकात, कधी कधी एकाच वर्षात, भेटीस येतात.

अशा प्रत्येक पुरानंतर एक वाक्य हटकून ऐकू येते: 'इतके पाणी येईल असे कोणाला वाटले होते?' हे वाक्य सहानुभूतीने बोलले जाते. परंतु त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. किती पाणी येईल हे आधी ठरविलेले असतेच. कोणताही पूल, कोणतीही मोरी, कोणत्याही तलावाचा सांडवा बांधण्यापूर्वी अभियंत्याला एक आकडा धरावा लागतो. या ओढ्याला जास्तीत जास्त किती पाणी येईल, हा तो आकडा होय. पुलाची उंची, गाळ्यांची रुंदी, सांडव्याची लांबी ही सर्व त्या आकड्यावरून निघते. तेव्हा विचारावयाचे ते हे, की तो आकडा कोणी, केव्हा आणि कशाच्या आधाराने धरला होता.

या आकड्याचा इतिहास उद्बोधक आहे. भारतात पुराचा अंदाज बांधण्याची आरंभीची सूत्रे इंग्रजी अमदानीतील अभियंत्यांनी बसविली. 1865 च्या सुमारास डिकन्स यांनी उत्तर भारतातील अनुभवावरून एक सूत्र दिले. पुढे मुंबई इलाख्यात, पुण्याजवळच्या जलसंशोधन केंद्राशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या क्लॉड इंग्लिस यांनी सह्याद्रीतील नद्यांसाठी दुसरे सूत्र बसविले. या सूत्रांत नदीच्या पाणलोट क्षेत्राचा आकार तेवढा मांडावयाचा असतो. पाऊस किती पडतो, जमीन जंगलाची आहे की नांगरटीची, गवताची आहे की डांबराची, यांपैकी कशासही सूत्रात स्वतंत्र जागा नाही. ते सारे एका गुणकात गृहीत धरलेले असते. म्हणजे आभाळ आणि जमीन या दोन्ही गोष्टी कायम राहणार, असा अलिखित करारच त्या गुणकात असतो.

स्वातंत्र्यानंतर या उणिवेची जाणीव झाली. रेल्वेचे पूल पुरात वाहून जाऊ लागले, तेव्हा डॉ. अ. ना. खोसला यांच्या अध्यक्षतेखाली अभियंत्यांची एक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनुसार देशाचे 26 उपविभाग पाडण्यात आले. केंद्रीय जल आयोग, हवामान खाते, रेल्वेची संशोधन संघटना आणि रस्ते वाहतुकीचे मंत्रालय यांनी मिळून एकेका उपविभागासाठी पुराच्या अंदाजाचे अहवाल तयार केले. पाऊस, उतार, प्रवाहाची लांबी यांचा विचार त्यांत केलेला आहे आणि लहान व मध्यम ओढ्यांवरील बांधकामांसाठी त्यांचा मोठा उपयोग झाला. हे काम मोलाचे होते यात शंका नाही. परंतु 1970 च्या दशकापासून प्रसिद्ध होत गेलेल्या या मालिकेतील बहुतेक अहवालांचा पाया त्याआधीच्या मोजमापांचा आहे. ज्या पावसावरून आणि ज्या जमिनीवरून ते आकडे काढले, तो पाऊस आणि ती जमीन आज जागेवर आहे काय, हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम पावसाचे पाहू. हवा जितकी तापते तितकी ती अधिक बाष्प धरू शकते. तापमान एका अंशाने वाढले, तर ही धारणशक्ती सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्राने सांगितलेले आहे. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने 2020 साली भारतातील हवामानबदलाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात 1901 ते 2018 या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढल्याचे नमूद आहे. त्याच आढाव्यातील दोन आकडे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. 1951 ते 2015 या काळात मोसमी पावसाचे एकूण प्रमाण सुमारे 6 टक्क्यांनी घटले. आणि 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात एका दिवसात 150 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग सुमारे 75 टक्क्यांनी वाढले. पाऊस एकंदरीने कमी, पण पडेल तेव्हा धो धो, असा याचा अर्थ आहे. दुष्काळ आणि महापूर एकाच मुलखात का नांदतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

बीड जिल्ह्याचा पावसाळ्यातील सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास धरला जातो. परंतु सरासरी हा शब्द पुराच्या बाबतीत फसवा आहे. शंभर दिवसांत रिमझिम पडलेला साडेपाचशे मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरतो. त्यातला दीडशे मिलिमीटर एका रात्रीत पडला, तर तो ओढ्यातून गावात येतो. वर्षाची बेरीज दोन्ही वेळी सारखीच दिसते.

आता जमिनीचे पाहू. परळी बालाघाटच्या डोंगररांगेच्या अंगावर वसलेली आहे. वरच्या अंगाला काळ्या पाषाणाचे उघडे माथे आणि मुरमाड उतार, खालच्या अंगाला काळी कसदार जमीन, आणि मधून वाण नदीकडे व पुढे गोदावरीकडे धावणारे ओढे, असे या मुलखाचे रूप आहे. काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक असतो. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पहिला पाऊस ती घटाघटा पिऊन टाकते. पण एकदा ओली झाली की ती फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचा पाऊस तिच्या अंगावरून घसरून जातो. म्हणूनच जूनमधील चार इंच पाऊस आणि सप्टेंबरअखेरचे चार इंच हे एक नव्हेत. अलीकडचे मोठे पूर सप्टेंबरात आले, हे या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या नैसर्गिक स्वभावावर माणसाच्या करणीची भर पडली आहे. गावाभोवतीची गायराने व माळ प्लॉटांत विभागले गेले. ज्या नाल्यातून पूर्वी पाणी वाहत असे, त्याच्या काठावर, प्रसंगी त्याच्या पोटातही, घरे उठली. अंगणे फरशीची झाली आणि गल्ल्या सिमेंटच्या. वीज केंद्राच्या राखेचे तलाव आणि विटभट्ट्या यांनी परळीच्या शिवाराचे रूप आणखी पालटले. यांतील प्रत्येक बदलाने थोडे पाणी मुरावयाचे थांबते आणि जे मुरत नाही ते अधिक वेगाने ओढ्याला मिळते. पुराच्या शास्त्रात या वेगाला फार महत्त्व आहे. तेच पाणी सहा तासांत येण्याऐवजी दोन तासांत आले, तर ओढ्याची पातळी कितीतरी अधिक चढते.

हा फरक किती मोठा असतो, हे साध्या हिशेबाने दाखविता येते. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने 1950 च्या दशकात बसविलेली एक पद्धत भारतातही सर्रास वापरली जाते. तिच्यात जमिनीला तिच्या स्वभावाप्रमाणे शंभरपैकी एक अंक दिला जातो. अंक जितका मोठा, तितकी जमीन पाणी जिरविण्यास नालायक. 75 अंकाच्या जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 41 मिलिमीटर पाणी वाहून जाते. तीच जमीन उघडी पडून, तुडवली जाऊन किंवा घरा-रस्त्यांनी झाकली जाऊन तिचा अंक 90 झाला, तर त्याच पावसातून सुमारे 73 मिलिमीटर वाहते. आता पाऊसही दीडपट, म्हणजे 150 मिलिमीटर पडला असे धरा. वाहते पाणी 121 मिलिमीटरांवर जाते. पाऊस वाढला दीडपट, पण ओढ्याचे पाणी झाले तिप्पट. आणि जमिनीचा अंक चढण्यास दरवेळी सिमेंटच लागते असेही नाही. आधीच्या पावसाने पुरती भिजलेली 75 अंकाची शेतजमीन या पद्धतीप्रमाणे 88 अंकाच्या जमिनीसारखी वागते. आभाळ आणि जमीन या दोघांचे बदल परस्परांत मिळवले जात नाहीत; ते एकमेकांना गुणतात. जुन्या गुणकावर बांधलेली मोरी या गुणाकारापुढे टिकत नाही, यात तिचा दोष नाही.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. प्रत्येक पुराचे खापर हवामानबदलाच्या माथी मारणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि कारभाराच्याही हिताचे नाही. कचऱ्याने तुंबलेली मोरी, नाल्यातले अतिक्रमण, किंवा धरणाचे दरवाजे उशिरा उघडण्याचा निर्णय यांसाठी आभाळाला जबाबदार धरता येत नाही. उलट, जमिनीवरील प्रत्येक बदल पूर वाढवितोच असेही नाही. बांधबंदिस्ती, समतल चर, पाझर तलाव, शेततळी यांनी लहानसहान पूर निश्चित अडतात. पण ही कामे भरली की त्यांची अडविण्याची शक्ती संपते, आणि मोठा पूर बहुधा ती भरल्यानंतरच येतो. नाल्यांचे खोलीकरण व सरळीकरण केले, तर पाणी साठते हे खरे. पण पुराच्या वेळी तोच सरळ नाला खालच्या गावाला पाणी अधिक लवकर पोहोचवितो. तेव्हा जलसंधारण झाले म्हणून पुराचा आकडा आपोआप खाली आला, असे समजून चालणार नाही. तोही नव्याने मोजावा लागेल.

या साऱ्या चर्चेत 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दप्रयोगाने फार गैरसमज पसरविला आहे. असा पूर एकदा येऊन गेला म्हणजे आता नातवंडांपर्यंत निर्धास्ती, असा त्याचा अर्थ लोक घेतात. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक आहे. हिशेब केला, तर तीस वर्षांच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के आणि पन्नास वर्षांत सुमारे 39 टक्के निघते. घराचे कर्ज फिटेपर्यंतच्या काळात चौघांतल्या एकाला तो गाठणार, असा त्याचा व्यवहारी अर्थ. आणि हेदेखील पाऊस व जमीन बदललेली नाही असे धरून. भूतकाळाची सरासरी भविष्याला लागू पडते, या जलशास्त्राच्या मूळ गृहीतालाच आता तडा गेला आहे, असे जगातील नामवंत जलशास्त्रज्ञांनी 2008 साली 'सायन्स' या नियतकालिकात स्पष्टपणे मांडले होते. जुन्या नोंदींवरून काढलेला शंभर वर्षांचा पूर आज कदाचित चाळीस वर्षांचा किंवा पंचवीस वर्षांचाही असू शकेल. मोजल्याशिवाय ते कळणार नाही.

हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखण्याची पद्धत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास बंदी आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध, असा दंडक आहे. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून प्लॉट घेणारा शिक्षक किंवा कारकून त्या रेषेच्या भरवशावर आयुष्याची कमाई गुंतवितो. रेषा जुन्या पुरावरून काढलेली असेल, तर कागदावर कोरडा असलेला त्याचा प्लॉट प्रत्यक्षात पाण्यात असेल. आणि ज्या लहान ओढ्यांवर अशी रेषाच आखलेली नाही, तेथे तर कागदाचाही आधार नाही.

चुकीच्या आकड्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे गुजरातेतील मोरवीने 1979 साली दाखवून दिले. 11 ऑगस्ट रोजी मच्छू नदीवरील दुसऱ्या धरणाचे मातीचे बांध फुटले आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्या दिवशी आलेला पूर धरणाच्या सांडव्यासाठी धरलेल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट होता. त्यानंतर देशात धरणांच्या सांडव्याबद्दलचे दंडक कडक झाले. 1985 च्या भारतीय मानकाप्रमाणे मोठ्या धरणाने संभाव्य महत्तम पूर सोसावा असे ठरले. लहान धरणासाठी मात्र शंभर वर्षांचा पूर पुरेसा मानला गेला. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची तज्ज्ञांकडून सर्वांगीण तपासणी बंधनकारक केली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु हा कायदा प्रामुख्याने पंधरा मीटरहून उंच धरणांसाठी आहे. बालाघाटच्या कुशीत ठिकठिकाणी असलेले पाझर तलाव आणि गावतलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांतील कित्येक तलाव दुष्काळी कामांवर, माणसांच्या हाताला काम देण्याच्या घाईत बांधले गेले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळते आणि तोही फुटतो, याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही.

दुष्काळी मुलखाची एक अडचण येथे न्यायबुद्धीने ध्यानी घेतली पाहिजे. धरणाच्या खालच्या अंगाला पाणी सोडावयाचे म्हटले, की येथील माणसाच्या पोटात गोळा उठतो. परळी शहराची तहान नागापूरच्या वाण धरणावर अवलंबून आहे. पुढचा पाऊस पडेल की नाही याची शाश्वती नाही. तेव्हा धरण लवकरात लवकर भरून घ्यावे आणि थेंबही सोडू नये, ही वृत्ती स्वाभाविक आहे. पण सप्टेंबरात काठोकाठ भरलेल्या धरणावर अतिवृष्टी झाली, तर आलेले सर्व पाणी आल्यापावली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. किती पाणी येईल याचा भरवशाचा अंदाज हाती असेल, तरच तहान आणि पूर यांच्या मधला रस्ता काढता येतो. अंदाज नसेल, तर अधिकारी एका वर्षी पाणी वाया घालविल्याबद्दल आणि दुसऱ्या वर्षी ते अडवून ठेवल्याबद्दल शिव्या खातो.

या बाबतीत करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पहिली गोष्ट मोजमापाची. तहसिलाच्या पर्जन्यमापकावर सकाळी साडेआठला घेतलेली चोवीस तासांची नोंद अतिवृष्टीची भरपाई ठरविण्यास पुरते, कारण महसुली मंडळात 65 मिलिमीटर ही त्याची मर्यादा आहे. परंतु ते 65 मिलिमीटर चोवीस तासांत पडले की चाळीस मिनिटांत, हे त्या नोंदीतून कळत नाही, आणि ओढ्याचा पूर त्यावरच अवलंबून असतो. मंडळा-मंडळांत आता स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आहेत. त्यांच्या तासातासाच्या नोंदी जपून ठेवणे आणि अभ्यासकांना सहजी उपलब्ध करून देणे हे निकडीचे काम आहे. पावसाबरोबर लहान ओढ्यांचे पाणीही मोजले गेले पाहिजे. दुसरी गोष्ट फेरमोजणीची. दर दहा वर्षांनी तालुक्यातील पूल, मोऱ्या आणि तलावांचे सांडवे यांचे आकडे नव्या पावसाने व जमिनीच्या नव्या नकाशाने तपासले जावेत. सर्व पूल एकदम पाडून बांधा, असे कोणी म्हणत नाही. ज्या मोरीखाली वस्ती आहे आणि ज्या फरशीपुलावरून शाळेची मुले जातात, तेथून आरंभ व्हावा. जेथे पूल वाढविणे शक्य नाही, तेथे पाण्याची पातळी दाखविणारा खांब आणि पाणी चढताच रस्ता बंद करणारा माणूस, एवढी व्यवस्था तरी असावी.

तिसरी गोष्ट उघडपणाची. पुलाच्या कठड्यावर बांधकामाचे वर्ष आणि उद्घाटकाचे नाव कोरलेले असते. त्याच्याखाली आणखी एक ओळ असावी: हा पूल किती घनमीटर पाण्यासाठी बांधला आणि तो अंदाज कोणत्या वर्षी केला. चाळीस वर्षांपूर्वीचा अंदाज वाचणाऱ्याला, तो पुन्हा तपासा, असे म्हणण्याचा अधिकार मग आपोआप मिळेल.

शाळांनाही येथे काम आहे. पर्जन्यमापक ही महागडी वस्तू नाही, आणि रोजची नोंद ठेवण्यास भूगोलाचा एक शिक्षक व चार विद्यार्थी पुरतात. 1989 साली किंवा 2021 साली पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे सांगणारी माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांच्या सांगण्यावरून शाळेच्या अथवा चावडीच्या भिंतीवर त्या त्या पुराची खूण वर्षासह रंगवून ठेवता येईल. पुराचा अंदाज बांधणाऱ्याला अशा खुणांचा मोठा आधार असतो. आणि ही माणसे गेल्यावर तो आधार कोणत्याही खर्चाने पुन्हा मिळविता येणार नाही.